न मिसळणाऱ्या गोळ्या

"तू नीट घुसळत नाहीस," हे एम.एस्सी.च्या गाईड सरांचं वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं होतं. काम तसं साधं. थर्माकोल आणि ॲक्रिलिक, ही दोन प्लास्टिकं एकाच थिनरमध्ये विरघळवायची, साबणाच्या पाण्यात घुसळून त्यांचे थेंब करायचे. थिनर उडून गेला की रव्याहून कितीतरी बारीक गोळ्या उरतात. सरांना त्या एकजीव हव्या होत्या. माझ्या गोळ्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या की प्रत्येकीत दोन अर्धे सरळ वेगळे दिसत.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून निघताना सर म्हणाले, "परत येशील तेव्हा एकजीव गोळ्या आण. नाही जमलं तर विषय सोड." विषय सोडला की वर्ष गेलं, आणि बाबांनी मला पाठवलं होतं तेच मुळी या वर्षापुरतं. पुढे शिक्षण बंद. मला ते मंजूर नव्हतं.

मी पांढुर्ण्याची. तिथल्या माझ्या जुन्या कॉलेजातून हातापाया पडून मायक्रोस्कोप मागून आणला, मांडीवर धरून बसने सौंसर गाठलं. तिथे मामाचं पाट्या रंगवायचं दुकान होतं, म्हणजे थिनरही होता आणि ॲक्रिलिकचे तुकडेही. मामा संत्र्याच्या पेट्यांवर नावं रंगवत बसायचा, मी मागच्या अंगणात मामीची रवी घेऊन घुसळत बसायची.

"काऊन वं बाई, प्लास्टिकचं ताक करून राहिली का?" मामा आतून ओरडायचा.

"लोणी निघालं की तुलाच देतो, थांब!"

दंड भरून आले, पण गोळ्या तशाच. अर्ध्या-अर्ध्या. एका दुपारी रवी फेकली आणि रागाने रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं की आता घुसळायचं नाही, फक्त पाहायचं. एक ओला थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढलाच नाही. थेंब सुरुवातीला अगदी एकजीव होता! थिनर उडत गेला तशी आत पुसट जाळी आली, जाळीचे ठिपके झाले, ठिपके एकमेकांत शिरले आणि शेवटी दोन अर्धे उरले. म्हणजे माझं घुसळणं चुकत नव्हतं. ती दोन्ही प्लास्टिकं वाळताना वेगळी होत होती.

मग त्यांना वेळच कमी दिला तर? अर्धं मिश्रण परातीत पातळ पसरून उन्हा-वाऱ्यात ठेवलं, अर्धं गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, झाकून. परातीतल्या गोळ्यांत अर्धे झालेच नाहीत, नुसते बारीक ठिपके. झाकलेल्यांत स्वच्छ दोन भाग. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला नाचावंसं वाटलं.

सर त्या शनिवारी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन सौंसरजवळच्या जामसांवलीच्या हनुमानाला येणार होते, बस कुठली ते त्यांनी मलाच विचारलं होतं. मी सकाळपासून सौंसरच्या स्टँडवर उभी. ते उतरताच म्हटलं, "सर, दर्शनाआधी पाच मिनिटं. मामाचं दुकान इथंच आहे."

सर स्टुलावर बसले, परातीतली आणि गंजातली, दोन्ही काचा पाहिल्या. "मिसळले नाहीतच," ते म्हणाले.

"मिसळणारही नाहीत, सर. पण वेगळे कसे व्हायचे, ते मला ठरवता येतं."

सरांनी चष्मा पुसला. मग मिश्रण स्वतः परातीत ओतलं, त्यावर अर्धवट झाकण सरकवलं आणि विचारलं, "आता काय होईल?"

"ठिपके राहतील, पण मोठे."

"संध्याकाळी बघू."

ते देवळात गेले. मी परातीपासून हलले नाही. मामा चहा ठेवून गेला, तो तसाच गार झाला.

संध्याकाळी सर आले आणि परातीतल्या गोळ्या काचेवर घेऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला. किती वेळ पाहत होते कोण जाणे. काकूंच्या हातात प्रसाद होता. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय हो, मिसळलं का ते?"

"नाही," सर म्हणाले. "ठिपके आहेत. मोठे." आणि स्टुलावरून उठून बाजूला झाले. "मला नको विचारू. विषय हिचा आहे, ही सांगेल."