शेवट असलेला सिनेमा

बी.एड.च्या वर्गात आम्ही चौघी एकमेकींना नावानं कधी हाक मारलीच नाही. जी जिथून येते ते तिचं नाव. मी छावणी, दुसरी हर्सूल, तिसरी शहागंज, हे तिन्ही शहरातलेच भाग, आणि चौथी बाहेरगावची फुलंब्री. हर्सूलला मोठा तुरुंग आहे, म्हणून तिला आम्ही रोज विचारायचो, "काय, सोडलं का जेलातून?" आणि ती रोज तितकीच चिडायची. चिडली नसती तर आम्ही केव्हाच विचारायचं थांबवलं असतं. फुलंब्री तर खरी फुलंब्रीचीही नव्हती. तिथून आणखी आत, डोंगराच्या अंगाला तिचं गाव. पण आम्हाला हाक मारायला फुलंब्री सोपं पडायचं.

बुधवारी दुपारी आम्हाला तास नसत, आणि बुधवारची दुपार म्हणजे सिनेमा. पण चौघींमधल्या एकीनं दोन वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. फुलंब्रीला पाचची बस गाठावी लागायची. ती चुकली की पुढे गावात जाणारी जीप चुकायची, आणि जीप चुकली की घरी कोकरं उपाशी. तिच्या घरी मेंढ्या. दिवसभर वडील मेंढ्या घेऊन रानात, कोकरं घरी कोंडलेली. संध्याकाळी कळप आला की एकेक कोकरू सोडून त्याच्या त्याच्या आईला लावायचं. सगळी एकदम सोडली तर दांडगी पितात आणि बारकी तशीच राहतात. आईला एकटीला ते आवरत नसे. त्यामुळे पडद्यावर ऐन मारामारी सुरू झाली, नाहीतर नायिका स्टेशनकडे धावायला लागली, की आमची फुलंब्री पिशवी उचलायची, आमच्या गुडघ्यांवरून वाट काढायची आणि अंधारात दिसेनाशी व्हायची.

मग दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिला शेवट सांगायचा. हा आमचा नेमच होऊन गेला होता. ती डबा बाजूला सारायची, दोन्ही तळव्यांत हनुवटी ठेवायची आणि म्हणायची, "हां, सांगा." आम्ही तिघी एकदम सुरू व्हायचो. माझ्या शेवटात रडारड जास्त, हर्सूलच्या शेवटात हाणामारी जास्त, आणि शहागंज तर नायकानं शेवटी कुठला शर्ट घातला होता तेही सांगायची. फुलंब्री सगळं ऐकून घ्यायची आणि मग आपल्याला पटेल ते ठेवायची. तेच ती संध्याकाळी कोकरं पाजताना आईला सांगे. आई म्हणे मंगळवारपासूनच विचारायची, उद्या कोनता हाय गं?

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा एका सकाळी फुलंब्री वर्गात आली ती पळतच. बसायच्या आधीच म्हणाली, "आई व्हय म्हन्ली! येत्या शुक्रवारी ऱ्हाते तुमच्याकडं. एक दिवस मी बगते म्हन्ली एकटी."

"काय सांगतेस!" मी किंचाळले. वर्गातल्या सगळ्या माना वळल्या.

"पण शेवट नीट बगून ये म्हन्ली. आन् मला सांग."

आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू! मुक्काम अर्थातच माझ्या घरी, छावणीत. माझ्या आईनं त्याच दिवशी विचारून घेतलं की तिला शेंगदाण्याची आमटी चालते का. प्रश्न उरला एकच, आणि तो साधा नव्हता. सिनेमा कोणता? दोन वर्षांनी मिळालेली एक संध्याकाळ, आणि अशी दुसरी मिळणार नव्हती, कारण परीक्षा झाली की चौघी चार दिशांना. सिनेमा कसाही असता तरी चाललं असतं. शेवट मात्र असा हवा होता की तिनं तो जन्मभर सांगावा.

त्या आठवड्यात आमचं अभ्यासाकडे लक्ष असेल तर शपथ. हर्सूलला भुताचा सिनेमा हवा होता, कारण म्हणे भुताच्या सिनेमात शेवटी सगळं कळतं. शहागंज माझ्याकडे बघून म्हणाली, "नक्को बाबा, वो रात को तेरे घर में सोनेवाली है, चिल्लाएगी तो कौन उठेगा?" मला रडवणारा हवा होता. मी चांगल्या सिनेमाला रडले नाही तर मला तिकीट वाया गेल्यासारखं वाटतं. फुलंब्रीला विचारलं तर ती आपली हसून म्हणायची, "कोनताबी चालंल. फकस्त शेवट असावा."

पण चांगला शेवट आहे की नाही हे सिनेमा पाहिल्याशिवाय कळणार कसं? शेवटी असं ठरलं की कुणीतरी आधी जाऊन बघून यायचं, शेवट तोंडातून काढायचा नाही, फक्त "हो" नाहीतर "नाही" म्हणायचं. थिएटर माझ्या घरापासून जवळ, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी गेले. एकटीच, पॉपकॉर्न न घेता, अगदी पेपर तपासायला बसलेल्या बाईंसारखी. सिनेमातली बाई रोज घराला कुलूप लावून किल्ली शेजारणीकडे ठेवत होती, नवरा परत आला तर घरात शिरता यावं म्हणून. आणि शेवट! मी ओढणीचं टोक भिजवून बाहेर आले. हाच तो, दुसरा बघायलाच नको, असं म्हणत घरापर्यंत जवळजवळ पळत गेले.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिघी माझी वाट बघत होत्या. मी बसले. समोर फुलंब्रीनं डबा बाजूला सारला, दोन्ही तळव्यांत हनुवटी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

ती तशी बसली की माझी जीभ आपोआप सुटते. दोन वर्षांची सवय ती. "अगं, काय सांगू तुला," मी म्हटलं, आणि सांगायला लागले. शेजारीण म्हातारी होते, बाई रोजच्यासारखी संध्याकाळी किल्ली मागायला येते आणि शेजारीण म्हणते, किल्ली तर कुणीतरी घेऊन गेलं. हर्सूलनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, तिलाही गहिवरून आलं. मी आणखी रंगवून सांगितलं. बाई आपल्याच दाराशी उभी, आत दिवा लागलेला, आणि तिचा हात कडीपर्यंत जाईना.

"मंग? मंग काय झालं?" फुलंब्रीनं विचारलं.

मी तेही सांगितलं.

पहिली शहागंज बोलली. "ये क्या करी गे तू?"

मी फुलंब्रीकडे पाहिलं, फुलंब्रीनं माझ्याकडे. तिच्याही तेव्हाच लक्षात आलं. "अगं माय," ती म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मला स्वतःचा असा राग आला की चहाचा ग्लास उचलून कपाळावर मारून घ्यावासा वाटला. आणि हसूही आवरेना. आधी फुलंब्रीच फिसकन हसली, मग चौघी इतक्या हसलो की कॅन्टीनवाल्या काकांनी आतून डोकं बाहेर काढलं.

आता उरला शुक्रवारी लागणारा नवा सिनेमा. शहागंजनं टेबलावर हात आपटला. पहिल्याच दिवशी बघायचा. कुणी पाहिलेला नाही, कुणी सांगणार नाही, आणि ही छावणी तर मुळीच नाही! शुक्रवारी तीन नवीन सिनेमे लागत होते. शहागंजनं मोबाईलवर तिन्ही पोस्टरं काढली आणि फोन फुलंब्रीपुढे ठेवला. ट्रेलर बघायचा नाही, कुणाला विचारायचं नाही, हात लावायचा आणि सांगायचं.

दोन वर्षांत तिनं पहिल्यांदाच काही निवडलं असेल. तिनं पुष्कळ वेळ घेतला. मग मधल्या पोस्टरवर बोट ठेवलं. एका फाट्यावर सगळं गाव उभं होतं. अर्ध्यांच्या हातात हार, अर्ध्यांच्या हातात काठ्या, आणि सगळेच पोस्टरच्या बाहेर कुठंतरी बघत होते.

"ह्ये काय बगायलेत," ती म्हणाली, "ते शेवटाला कळंलच की."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन वर्षं आम्ही नायक बघून सिनेमे निवडत होतो.

शुक्रवारी दुपारचे तास आम्ही सरळ बुडवले. फुलंब्री ठेवणीतला पंजाबी ड्रेस घालून आली होती, आणि पिशवीत माझ्या आईसाठी भाकरी आणि लसणाची चटणी. आम्ही तिला मधल्या खुर्चीवर बसवलं, इकडून मी, तिकडून हर्सूल. निसटायला वाट नको. दिवे गेले.

सिनेमा झकास होता, खोटं का बोलू. भावानं बहिणीला घरातून हाकललेलं, तिनं मनाचं लग्न केलं म्हणून. आता तो म्हातारा झालाय, त्यानं निरोप धाडलाय, ये म्हणून. ती येईल का? आली तर एकटी येईल की सासरची माणसं काठ्या घेऊन येतील? मध्यंतरानंतर फुलंब्रीनं समोसाही अर्धा तसाच ठेवला. आणि मग नेहमीच्या वेळी, सवयीनं, तिचा हात पिशवीकडे गेला. मी तो धरला. तिनं मोबाईलवर वेळ बघितली आणि माझ्या कानात म्हणाली, "गेली बस." तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी अंधारात उगाच तिचा हात दाबला.

पडद्यावर फाटा आला. पोस्टरवरचाच. सगळं गाव उभं, हार आणि काठ्या. लांबून धुरळा. गाडी आली, थांबली. दार उघडलं. पायरीवर एक पाय आला, साधी चप्पल घातलेला. फुलंब्री खुर्चीच्या कडेवर आली होती.

पडदा काळा झाला. अक्षरं आली. पुढचा भाग लवकरच.

थिएटरभर "अरे!" झालं. कुणीतरी शिट्टी मारली. दिवे लागले, लोक बडबडत बाहेर पडायला लागले. आम्ही तिघी मात्र फुलंब्रीकडे बघायला घाबरत होतो. ती पडद्याकडेच बघत होती. नावं वर सरकत होती, आणि ती त्यांच्यामागून आणखी काही येईल म्हणून बसली होती. झाडूवाल्या मावशी आमच्या रांगेशी येईपर्यंत ती उठली नाही.

"झाला?" तिनं विचारलं.

"झाला," मी म्हटलं. मला रडू येत होतं, खरंच. आयुष्यात एकदा मिळालेली संध्याकाळ, आणि आम्ही तिला शेवट नसलेला सिनेमा दाखवला. हर्सूल सिनेमा काढणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शहागंज म्हणाली, "चल, अभी दुसरे का टिकट निकालते." पण दुसरा खेळ केव्हाच सुरू होऊन गेला होता.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही दिवेलागणीपर्यंत तशाच रेंगाळलो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई. मागे गाड्यांचा एवढा आवाज होता की फुलंब्रीनं स्पीकर लावला, आणि पहिल्यांदा ऐकू आली ती कोकरांची में-में.

"झाला का गं?" आईनं विचारलं. "काय झालं शेवटाला?"

फुलंब्रीनं आमच्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे सांगून टाक काय ते. तिनं पिशवी पायरीवर ठेवली. एका पायाची चप्पल उगाच नीट केली.

"झाला ना," ती म्हणाली. "लई भारी झाला." आणि तिनं सगळं सांगितलं. भाऊ, निरोप, फाटा, हार आणि काठ्या. गाडी आली, दार उघडलं, पाय आला पायरीवर.

"मंग?"

"मंग उतरली की ती. एकटीच. काठ्यावाल्यांकडं बगितलं नाय, हारवाल्यांकडंबी नाय. भाऊ हात जोडून हुबा, त्याच्याकडंबी नाय. सगळं गाव बगतंय आन् ही आपली सरळ घराकडं निघाली. आई बसली व्हती मेंढ्यांच्या वाड्यात. तिच्याजवळ गेली आन् म्हन्ली..."

ती थांबली. आम्ही पाहिलेल्या सिनेमात आई पहिल्या दहा मिनिटांतच वारली होती आणि मेंढी तर एकही नव्हती. पण आम्ही तिघी कधी खालच्या पायरीवर बसलो आणि कधी हनुवट्या तळव्यांत ठेवल्या, आम्हालाच कळलं नाही.

"काय म्हन्ली?" फोनवरून आईनं विचारलं.

"म्हन्ली, आई, पाजलीस का गं कोकरं एकटीनं?"

फोनमधलं में-में जवळ आलं.

"पाजली म्हनावं," आई म्हणाली. "सगळी पाजली. बारकीबी पाजली. ऱ्हा म्हनावं निवांत."

फुलंब्रीनं ओढणी डोळ्यांना लावली. हर्सूलनं खालून तिचा पाय हलवला.

"अगं, थांबलीस काय?" हर्सूल म्हणाली. "मग काय झालं?"