एसीत काय निघालं

बाबा गेले ते गाडीतच. मे महिन्यात, राजापूरहून परत येताना. गाडी रस्त्याकडेला नीट लावलेली, एसी बिघडलेला म्हणून काचा खाली, सदरा घामाने चिंब. हार्टने गेले, एसीने नाही, हे डॉक्टरांनी आईला तीनदा सांगितलं. पण आई एकदा धरून बसली की बसली. "त्या मेल्या एसीने घात केला," एवढंच. तेरावं झालं तरी मला रडू आलं नव्हतं. येणाऱ्यांना चहा द्यायचा, कप विसळायचे.

महिन्याभराने आईच म्हणाली, "तो एसी उघडून बघ गो. काय बिघडलं होतं ते मला कळायला हवं." कळून करणार काय, डोंबल! पण गेले गाडी घेऊन.

मेकॅनिक म्हणजे आखातात वर्षानुवर्षं एसीचंच काम करून आलेले एक चाचा. बाबांनी दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतला होता, ते मी सांगितलं. त्यांनी गेज लावला. "गॅस फुल्ल आहे, ताई. कॉम्प्रेसर चालतोय. पाइप हातात धरवत नाही इतका गार. पंखा पण जोरात फिरतोय. मग हवा अडते कुठे?" डॅशबोर्डचा खण उतरवून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक पुरचुंडी काढली. फुगलेली, बुरसलेली. आत निरगुडीचा पाला.

आमच्याकडे तांदळात निरगुडी घालतात, कीड लागू नये म्हणून. गाडी आंब्याखाली उभी असायची, उंदरांनी दोनदा वायरी खाल्लेल्या. पुरचुंडी आईच्या जुन्या हिरव्या साडीची, टाकेही तिचेच. उंदीर येऊ नयेत म्हणून बाबांनी ती खणामागे सारली असणार, बरोब्बर हवेच्या वाटेत.

"कुणी ठेवली हो ही?" चाचांनी विचारलं.

"माहीत नाही," म्हटलं. येताना खाडीच्या पुलावरून ती खाली टाकली. तेव्हाही काही वाटलं नाही. खरंच काही नाही.

आई अंगणातच उभी होती. "काय गो होतं?"

"गॅस संपलेला."

"एवढंच?"

"एवढंच."

ती गाडीत येऊन बसली. मी एसी लावला. गार हवा तोंडावर आली तशी तिने डोळे मिटले.

"निरगुडीचा वास नाही येत," ती म्हणाली.

मी उगाच पंखा वाढवला. आई त्या खणावर हात ठेवून बसून राहिली.

"गॅसच असणार," ती म्हणाली, आणि पदराने खणावरची धूळ पुसायला लागली.