काकूच्या शेतातली सीतादही

भुताखेतांचे आणि परग्रहांचे सिनेमे करणारा अशी माझी ओळख आहे. खरं तर मी धुकं, रिकामी जागा आणि आवाज एवढ्यावरच पोट भरतो. पडद्यावर काहीच घडत नसताना माणसानं खुर्चीत आखडून बसावं, यातच माझी सगळी हुशारी. ती हुशारी मी सख्ख्या काकूच्या शेतावर चालवली.

काकू तलमडुगूजवळच्या गावात राहते. काका गेल्यापासून कापसाचं रान तीच पाहते. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. रानाच्या कोपऱ्यात पाच गोटे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा आणि मग वेचायला वाकायचं. ही पूजा मी तिला कॅमेऱ्यासमोर करायला लावली. आपल्या सीतादहीचा सिनेमा होणार म्हणून ती नवं लुगडं नेसली, वेचणाऱ्या बायकांनाही नटून यायला सांगितलं. सिनेमा कसला, ते मी बोललो नाही. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

सिनेमात ते गोटे आकाशातून आलेले होते. बायका वाकल्या की गोटे घुमायला लागत आणि पांढऱ्या रानातून एकेक बाई नाहीशी होई. घुमण्याचा आवाज कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्राचा होता, संथ करून लावलेला. लोकांनी फार कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं.

गावानं सिनेमा फोनवर पाहिला. पुढच्या हंगामात बायका सगळ्यांच्या रानात गेल्या, काकूच्या रानात नाही. तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. कुणाचं अंग दुखत होतं, कुणाकडे पाहुणे होते. बोंडं फुटून कापूस लोंबायला लागला, तेव्हा काकूच्या शेजारणीनं मला फोनवर हे सांगितलं.

मी गेलो तेव्हा काकू भर दुपारी एकटीच वेचत होती. कोपऱ्यात गोटे नव्हते. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिनं सीतादही केली नव्हती. मी तिच्या शेजारच्या ओळीत वेचू लागलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आवाज यंत्राचा, बायका कॅमेरा थांबवून बाजूला काढलेल्या, सगळं खोटं. घरोघर जाऊन बायकांनाही सांगतो म्हणालो.

"खोटं हाय, मले मालूम हाय," काकू म्हणाली. "पन गोटे मांडाले वाकलो का मागं पाहा वाटते. पयले कदी नाई वाटलं. काऊन केलं रे बाबू असं?"

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलंही, पण नंतर. आधी मनात आलं की साधलं, भीती थेट तिच्यापर्यंत पोचली. क्षणभर मी चक्क खूश झालो होतो, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

काकूनं माझ्या हातातला कापूस काढून आपल्या ओटीत टाकला.

"तू जाय घरी," ती म्हणाली. "मी येचतो एकटी."