पोरांच्या आधी खिचडी

नाल्यापलीकडच्या वस्तीवरची शाळा बंद झाली. पट कमी, असा वरून आदेश आला. वरून म्हणजे कुठून, ते मला नाय माहीत. आमच्या गावच्या शाळेला एकच पायरी, तीपण मी कधी चढलो नाय.

वस्तीवरची पोरं आमच्या शाळेत आली, आणि त्यांच्यासंगं खिचडी शिजवणारी बाईपण. जागा एकच, म्हणून आमची बाई, म्हणजे सोसायटीच्या चेअरमनची भावजय, घरी बसली. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडची पोरं घरून डबे आणायला लागली. वस्तीवरच्यांच्या हातचं नको, असं कोणी बोललं नाय. पोट दुखतं म्हणाले. मी सिन्नरला जीप चालवतो, तिच्यात हीच माणसं वस्तीवाल्यांच्या मांडीला मांडी लावून बसतात, तेव्हा कुणाचं काय दुखत नाय.

नियम असा, की पोरांच्या आधी एका पालकानं चव घ्यायची. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझं नाव घेतलं. अख्खं गाव माझ्या बाजूनं, तिथंच मला संशय आला.

बाहेर चेअरमननी खांद्यावर हात टाकला. "रोज नुसतं तोंड वाकडं कर. बाई आपोआप जाईल."

"चेअरमन, माझं तोंड आधीच वाकडं हाय."

"म्हणून तर तुला निवडलं."

दुसऱ्या दिवशी पातेल्यापुढं बसलो. चेअरमन गेटपाशी उभे. बाईची नजर माझ्या तोंडावर. मी एक घास खाल्ला. काय बोलावं सुचेना, म्हणून वाटी भरून घेतली. उपाशीपोटी माझं डोकं चालत नाय. तिसऱ्या वाटीला बाई म्हणाली, "दादा, चव घ्यायचीय, जेवायचं नाय."

पोरं हसली. वाकडं करायला माझं तोंड रिकामं होतं कुठं?

तेवढ्यात माझी पोरगी डबा घेऊन पुढं आली. "पप्पा, तुमचं पोट नाय दुखत?"

"नाय गं."

"मग तुम्ही मला का म्हणालात, खिचडी खाऊ नको?"

बाईच्या हातातला डाव थांबला. सगळी शाळा माझ्याकडं बघत होती.

"ताट घे," एवढंच मला जमलं.

ती जाऊन वस्तीवरच्या एका पोरीशेजारी बसली. मागून अजून दोघं उठले. बाकीचे डबे चालूच. चेअरमननी माझ्याकडं पाठ करून कुणाला तरी फोन लावला.

बाईनं पोरीला वाढलं, पण भरवसा तिचापण नव्हता. "उद्या याल का दादा, का रात्रीतून तुमचंपण पोट बिघडंल?"

"येतो की."

"मग घरून जेवून या," ती म्हणाली. हसली मात्र नाय.