सोमाने पाणी पाजलं होतं

खानदेशातलं गाव सोडताना सोमा आणि मी एसटीच्या मागच्या बाकावर शेजारी बसलो होतो. सुरतेजवळच्या सरकारी पशुसंशोधन विभागात मी कारकून लागलो होतो आणि माझ्याच शब्दावर सोमाला तिथे गुराखी म्हणून घेतलं होतं. वडील खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "सोमाले एकला सोडजो नको."

परवा त्या विभागाच्या इतिहासाची स्मरणिका घरी आली. गुळगुळीत कागद, साहेबांचे फोटो, उन्हात तग धरणाऱ्या गाईंचं कौतुक. आणि मध्येच एक ओळ: 'गुराख्याच्या हयगयीमुळे दोन संकरित गाई दगावल्या.' माझं डोकंच फिरलं. कारण ती ओळ मूळ माझ्या हातची.

मे महिना होता. गाई उघड्यावर किती ऊन सोसतात, याची चाचणी चालू होती. सोमा गाईच्या कुशीकडे बघून श्वास मोजायचा. मी घड्याळ लावून ताळा करायचो. तो क्वचितच चुके. त्या दुपारी दोघींची धाप बघून तो म्हणाला, आता पुरे. त्याने पाणी पाजून त्यांना गोठ्यात नेलं. साहेबांनी त्या परत उन्हात बांधायला लावल्या. त्यांना चाचणी अर्धवट नको होती. दिवस मावळायच्या आत दोन्ही गेल्या. साहेबांनी सांगितलं तसं मी नोंदवहीत लिहिलं: वेळेवर पाणी पाजलं नाही. नोकरी नवी होती, असं मी आयुष्यभर स्वतःला समजावत आलो. सोमाचीही नवीच होती.

त्याला काढलं. सुरतेच्या गोडादऱ्यात कापडाच्या लूम्सवर राबून तो तिथेच वारला. मी पेन्शन घेऊन सुरतेतच पर्वत पाटिया भागात फ्लॅटमध्ये राहतो. नातवंडं माझ्याशी गुजरातीत बोलतात. विभागाला मी सगळं सहीनिशी कळवलं. उत्तर आलं, छापलेला इतिहास बदलता येत नाही. खोटं लिहिताना मात्र कोणाचीच हरकत नव्हती!

त्याच पत्राची प्रत घेऊन गोडादऱ्यात सोमाच्या घरी गेलो. त्याची बायको वत्सलावहिनी दारात आली. मी उभ्यानेच वाचून दाखवलं. नवऱ्याचं नाव न घेता ती म्हणाली,

"आते लिखं का, भाऊ? त्या व्हतात तवय लिखनं व्हतं."

तिच्या मागून मुलगा पुढे आला. आपल्या बापाने गाई मारल्या, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. "बापाने खरंच पाणी पाजलं होतं?"

"माझ्यासमोर. दोघींना."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. मला कोणी बसा म्हटलं नाही.

गावाकडच्यांनो, सोमाबद्दल तुम्ही जे ऐकलंत ते मी लिहिलेलं होतं. आता हे वाचा, चावडीवर मोठ्याने वाचा. गावात माझं घर उरलेलं नाही. घर म्हटलं की हल्ली मला गोडादऱ्यातला तो उंबरठाच दिसतो, आणि त्याच्या बाहेर उभा मी.