लाल ठिपक्याचा ग्लास

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी ऑस्ट्रेलियात, क्लेटनमध्ये एका पुणेरी डॉक्टरांच्या घरी भाड्याने राहत होतो. डॉक्टरांना आम्ही काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. माझ्या खोलीत वसईचा एक कॅथलिक इंजिनिअर होता, माझा मित्र. काकूंची भाचीही तिथेच राहून युनिला, म्हणजे विद्यापीठात जायची. तिचं आणि माझं जमलं होतं, आणि हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. कळलं असतं तर काकांनी मला घराबाहेर काढलं असतं आणि तिला पुढच्या विमानाने पुण्याला धाडलं असतं.

मग मला ताप आला. घसा सुजला, मानेत गाठी आल्या, बूट घालतानाही दम लागायला लागला. युनिच्या नर्सने रक्त तपासलं आणि म्हणाली, "ग्लँड्युलर फिव्हर. किसिंग डिसीज, मेट." वर डोळा मारला. घरी मी फक्त आजाराचं पहिलं नाव सांगितलं. मी बरा होतोय तोवर भाचीच्या मानेतही गाठी आल्या.

काकांकडे या आजाराचे पेशंट नेहमी यायचे. तरुण मुलींना ते बिनदिक्कत विचारायचे, बॉयफ्रेंड आहे का. पण स्वतःच्या घरात दोघांना तेच झाल्यावर त्यांनी जेवता जेवता बराच विचार केला आणि म्हणाले, "हा लाळेतून पसरतो. म्हणजे घरात कुणाचं तरी उष्टं चालतंय."

काकूंनी मित्राकडे पाहिलं. ग्लासाला तोंड लावून पाणी पिणारा घरात तो एकटाच. बाकी आम्ही सगळे वरून पीत असू.

"पण काकू, मला तर काहीच झालं नाहीये."

"तेच तर," काका म्हणाले. "तू कॅरिअर आहेस. स्वतःला काही होत नाही, दुसऱ्यांना देतोस."

भाचीला गप्प बसायला घसादुखीचं कारण तरी होतं. मी भात कालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या ताटावर आणि ग्लासावर नेलपॉलिशचा लाल ठिपका आला. तरी काकूंचं समाधान होईना. वरून पिण्याचा नियम पाहुण्यांनाही लागू झाला. एका रविवारी काकांचे ऑस्ट्रेलियन सहकारी बार्बेक्यूला आले, तेव्हा मागच्या अंगणात सगळे माना मागे टाकून बिअरची धार तोंडात धरत उभे होते. एकाच्या नाकात गेली. शर्ट सगळ्यांचेच भिजले. हा काहीतरी धार्मिक विधी असावा असं वाटून एकाने जाताना काकूंना हात जोडले. भाची आणि मी त्या वेळी लाँड्रीत, घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत होतो. ज्यामुळे हे सगळं घडलं होतं, तेच करत.

मित्राला मग मराठी घरांतली आमंत्रणं येईनाशी झाली. एखादं आलंच तर त्याच्यापुढे कागदी ग्लास यायचा. शेवटी त्याने देशाच्या दुसऱ्या टोकाला, डार्विनला नोकरी धरली. "तिथे ठिपके तरी नसतील," एवढंच म्हणाला.

भाचीशी माझं लग्न झालं. मित्र त्यानंतर थेट गेल्या महिन्यात आमच्याकडे जेवायला आला. पाणी दिलं तर त्याने मान मागे टाकली आणि वरून प्यायला. या वयात नेम चुकतो, शर्ट भिजला. मला राहवलं नाही.

"ते तुझ्यामुळे नव्हतं रे," मी म्हणालो. "हिला माझ्यामुळे झालं. लाँड्रीत."

त्याने हिच्याकडे पाहिलं. हिने माझ्याकडे.

"मला झालं ते तुझ्यामुळे," ही म्हणाली. "पण तुला कुणामुळे झालं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने विचारला नव्हता.

"ग्लासातून झालं असेल," मी म्हणालो.

"कुणाच्या?" मित्राने विचारलं.

म्हणून हे लिहितोय. ग्लास कुणाचाच नव्हता. युनिच्या लायब्ररीत एक मुलगी होती, हिचं-माझं जमायच्या जेमतेम महिनाभर आधीची. हिने हे वाचलं की जे व्हायचं ते होईल. एक प्रत मित्राला डार्विनला पाठवतोय. क्लेटनच्या त्या मंडळींपैकी कुणी अजून भेटलंच, तर मित्राला हे त्यांना दाखवता येईल.