बायाक्काची करंगळी

कडोलीची बायाक्का वीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडत होती. टरफलातलं तेल कातडी जाळतं. तळहाताची सालं निघायची, नवी यायची, तीही निघायची. त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण रेशन दुकानातलं मशीन तिच्या दहा बोटांतलं एकही ओळखेना, तेव्हा मात्र ती कावली. कार्डावर ती एकटीच. दोन महिने तांदळाविना परतली. दुकानदार नागेंद्र दर खेपेला बोट पुसायला सांगे आणि ती पदराला पुसून पुसून दमे.

शेवटी ती बेळगावला दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी कातडी भरून यायला मलम दिलं आणि महिनाभर काजूला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

"मग पायानं फोडू व्हय, बाई?" बायाक्का म्हणाली.

मलम थंडगार होतं, लावलं की आग शमायची. पण कामावर बसलं की तासाभरात पुन्हा तेच. रबरी मोजे घातले तर बी धरता येईना, आणि काम मागं पडतंय म्हणून मुकादम भावकू डोकं खाई. निम्मी ट्यूब संपली, हात होते तसेच. तेव्हा तिनं वैतागून ठरवलं, दहा बोटांचे लाड परवडत नाहीत, एकाचेच करायचे.

डावी करंगळी कामात फारशी लागत नव्हती. तिला मलम चोपडायचं, वर चिंधी, चिंधीवर प्लास्टिकची पिशवी, दोऱ्यानं घट्ट. करंगळीचं लगीन कधी काढलंयस, म्हणून शेजारची मंगल रोज चिडवी.

महिन्यानं ती दुकानात गेली. "सर्व्हर इल्ला, आक्का," नागेंद्रनं कानडीत सांगितलं, म्हणजे सर्व्हरच नाही. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी मशीननं करंगळी दोनदा नाकारली आणि मग घेतली. नागेंद्र खूश झाला, पुढच्या खेपेला हेच बोट आणा म्हणाला.

"आन बाकीची नऊ घरात ठेवून येऊ?"

दुसरी ट्यूब आणायला गेली, तर गुलाबी करंगळी बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळा हात असाच होईल, फक्त काम बदला. ते भावकूला लिहून द्या, असं बायाक्कानं ठणकावलं. त्यांनी चिठ्ठी दिली.

भावकूनं ती वाचली आणि तिला सोललेले गर निवडायला बसवलं. तिथं तेलाचा संबंध नव्हता.

"ही जागा दिवाळीपासनं रिकामीच हाय," तो म्हणाला. "इचारायचं न्हाय व्हय, आक्का?"

बायाक्कानं करंगळीवरची पिशवी आणि चिंधी सोडून टाकली. मग खाली बसली आणि दहाही बोटांनी गर निवडायला लागली.